फोटोला चार प्रश्न विचारा

परवा बदनापूर स्टेशनाजवळ आम्ही चहाला थांबलो होतो. एका तरुणाने मोबाइल पुढे केला. म्हणाला, "गुरुजी, बघा तरी! काल मुंबईत केवढा मोर्चा निघाला!"

आम्ही चष्मा लावला. लाल टोप्या, लाल झेंडे, रस्ता माणसांनी भरलेला. आम्ही म्हटले, "बाळा, हा मोर्चा कालचा नाही. हा २०१८ सालचा."

पोरगा ओशाळला. फोटो खरा होता. त्याखाली लिहिलेला मजकूर खोटा होता. खरा फोटोही माणसाला फसवतो, तो असा.

तो मोर्चा कसला होता? ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी पायी मुंबईला निघाले. अखिल भारतीय किसान सभेने तो मोर्चा काढला होता. त्यात आदिवासी बायामाणसे पुष्कळ होती. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, कर्ज माफ व्हावे, अशा मागण्या होत्या. वाट सुमारे १८० किलोमीटर. ११ मार्चला मोर्चा मुंबईत पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. पोरांची वाट अडू नये म्हणून थकलेली माणसे रातोरात उठून आझाद मैदानाकडे चालू लागली. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. पुढे ते पुरते पाळले नाही, म्हणून २०१९ व २०२३ साली पुन्हा मोर्चे निघाले.

त्या वेळी वर्तमानपत्रांचे फोटोवाले सोबत चालत होते. त्यांनी झेंड्यांचे फोटो घेतले, तसे पायांचेही घेतले. तुटक्या चपला, भेगाळलेल्या टाचा, फुटलेले फोड. ते फोटो देशभर पाहिले गेले. मुंबईचे लोक पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर आले. पाच दिवसांची चाल लोकांना एका टाचेत दिसली.

पण ध्यानात घ्या. पाय दुखतात हे फोटो सांगतो. माणूस का चालला, हे फोटो सांगत नाही. ते अक्षर सांगते.

आता जुनी गोष्ट ऐका. १९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला. तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर मोठमोठ्या मिरवणुका निघाल्या. बायका घराबाहेर पडल्या, झेंडे घेऊन पुढे चालल्या. त्या दिवसांच्या फोटोंचा एक आल्बम आहे. त्यात २४५ फोटो आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यांतले फोटो लोकांनी पाहिले. आल्बमवर नर्सी असे नाव आहे. पण फोटोंतल्या कितीतरी बायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्या कोणाच्या आज्या, कोणाच्या पणज्या, कोण सांगणार? तोंडे दिसतात, नावे गेली.

म्हणून फोटो नुसता पाहू नये, वाचावा. त्याला चार प्रश्न विचारावेत.

पहिला, हा फोटो कुठला?

दुसरा, हा केव्हाचा? दुकानाच्या पाट्या, झेंड्यावरची अक्षरे वाचा. तुम्हाला आता वाचता येते.

तिसरा, हा कोणी काढला, आणि कुठे उभे राहून? जवळून काढला तर पन्नास माणसेही गर्दी वाटतात. माडीवरून काढला तर मागची मोकळी जागाही दिसते.

चौथा, चौकटीच्या बाहेर काय होते? फोटोत एक माणूस दगड उचलताना दिसतो. त्याच्या आधी काय घडले, ते फोटोत नसते.

या चारांची उत्तरे मिळाली नाहीत, तर तो फोटो पुढे धाडू नये. खोट्या मजकुराने गावात भांडणे लागतात, आणि ती मिटवायला फोटो धाडणारा येत नाही.

आणि एक काम आजच करा. घरातले जुने फोटो काढा. कोणी मोर्चात गेला असेल, कोणी दिंडीत. पाठीमागे हलक्या हाताने पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. ती आहेत तोवरच विचारता येईल.

फोटो मुका असतो. तुमची दोन ओळींची अक्षरे त्याला वाचा देतात.