कोकणच्या नद्यांना त्रिभुज प्रदेश का नाहीत?

नद्या गाळ आणतात व मुखाशी त्रिभुज प्रदेश बनवितात, हा पाठ शिकविताना रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षकांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी यांपैकी एकीच्याही मुखाशी त्रिभुज प्रदेश नाही. आणि मुले ते डोळ्यांनी पाहत असतात. ‘नद्या आखूड व वेगवान आहेत’ एवढ्यावर प्रश्न बहुधा मिटविला जातो. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण त्या आखूड का, हे तसेच राहते.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. त्यानंतर लवकरच सेशेल्सचा भूखंड भारतापासून अलग झाला. या ताटातुटीत आजच्या किनाऱ्यापलीकडील भूभाग प्रस्तरभंगांवर तुटून खचला, अलीकडील कडा उचलली गेली व पठार पूर्वेस किंचित कलले. (सह्याद्रीची भिंत म्हणजेच तो प्रस्तरभंग, असे मात्र वर्गात सांगू नये, धूप होत होत कडा पूर्वेस मागे सरकली, असे मानले जाते.) म्हणूनच महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर असूनही त्याकडे पाठ फिरविते व सुमारे १,४०० किलोमीटर धावून बंगालच्या उपसागरास मिळते. तिचा त्रिभुज प्रदेश आंध्रात आहे. माती मात्र काही अंशी साताऱ्याची आहे.

कोकणच्या वाट्यास राहिलेला थोडा गाळही बराचसा खाड्यांतच अडतो. या खाड्या म्हणजे हिमयुगानंतर समुद्रपातळी चढल्याने बुडालेल्या नदीदऱ्या होत.

गाळ साचण्यास माती देणारा उंचवटा लागतो, तशीच ती सामावून घेणारी जागाही लागते. तळ स्थिर असेल तर खळगा भरून जातो व पुढील गाळ अन्यत्र जातो. तळ खचत राहिला तर थरावर थर चढतात. याचा उत्तम पुरावा मुंबई हाय येथे आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने १९७४ साली तेथे तेल शोधले. ते मुख्यतः चुनखडीत आहे. ही चुनखडी उथळ, निर्मळ पाण्यातील जीवांच्या कवचांपासून बनली. आज ती समुद्रतळाखाली हजार मीटरहून अधिक खोल आहे. तळ हळूहळू खचल्यावाचून हे घडते ना. शिवाय सह्याद्रीची माती तिकडे लोटली असती, तर गढूळ पाण्यात ते जीव एवढे वाढलेच नसते. नर्मदा व तापी मात्र खचदऱ्यांतून पश्चिमेस वाहतात. त्यांचा गाळ उत्तरेस, सुरतेसमोरील अधिक खचलेल्या भागात साचला.

वर्गात दाखविण्यास एक परात पुरे. तीत ओली माती सपाट थापावी, मध्यावर तांब्याने बारीक धार सोडावी, आणि परातीची एक कड पुस्तकाच्या जाडीएवढी उचलावी. धार कोणीकडे वळली व गाळ कोठे बसला, हे मुलांनीच सांगावे.

रत्नागिरी शहराच्या परिसरात विहिरी खणताना जांभ्याखाली काळी चिकणमाती व लिग्नाइट लागल्याच्या नोंदी आहेत. त्यात मायोसीन काळातील वनस्पतींचे परागकण मिळाले आहेत; म्हणजे आज जेथे जांभ्याचा कातळ आहे तेथे एके काळी गाळ साचत होता. जवळपास विहीर खणली जात असल्यास मुलांस काठापासून दूर उभे करून, वर काढलेल्या मातीचे ढीग क्रमाने दाखवावेत.