काय करून राहिला बे?

कोराडीत कोणालाही पॉवर हाऊसकडे बोट दाखवून विचारा, तो सांगेल, "चिमणीतून धूर निघून राहिला." पुण्याचा माणूस म्हणेल, "धूर निघतो आहे," आणि वर हसेल, "तुमची मराठी म्हणजे 'निकल रहा है'चं भाषांतर!" पुण्यात नोकरी लागली की आपली पोरं म्हणूनच महिनाभरात बोली बदलतात. पण बदलण्याआधी या क्रियापदाचे दोन पार्ट सुटे करून पाहू या.

पहिला पार्ट 'निघून', 'करून' मधला 'ऊन'. हा हिंदीत नाहीच. संस्कृत 'कृत्वा'च्या जागी महाराष्ट्री प्राकृतात 'काऊण' येतं, तेच आपलं 'करून'. तसंच 'सोऊण' म्हणजे ऐकून, 'गंतूण' म्हणजे जाऊन. हालाच्या नावावर असलेली 'गाथा सप्तशती' याच प्राकृतात आहे. म्हणजे माल चांगला जुना आणि घरचा!

दुसरा पार्ट 'राहिला'. "तो बसून राहिला" हे पुण्यातही चालतं. बसला, आणि तसाच राहिला. बसण्याची क्रिया संपली, अवस्था चालू आहे. भूतकाळाचं रूप वर्तमानाचं काम करतं ते असं. आपण नागपूरकडचे लोक आणखी एक पाऊल पुढे गेलो. आपण म्हणतो, "तो पळून राहिला." आता पळणारा माणूस राहील कसा? म्हणजे इथे 'राहणे'चा मूळ अर्थ झिजला, आणि फक्त 'काम चालू आहे' एवढंच उरलं.

यात गावंढळ काही नाही. प्रमाण मराठीतही "चहा पिऊन टाकला" म्हणतात, चहा कोणी फेकलेला नसतो. "विसरून गेलो" म्हणणारा जागचा हलत नाही. इंग्रजीत "आय अ‍ॅम गोइंग टू स्लीप" म्हणणाराही पलंगावरच असतो.

हिंदीचा शेजार मात्र खरा आहे. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी मुलखासोबत एकाच राज्यात, त्याची राजधानी होतं. 'कर रहा है'ची जुळणीही अशीच आहे. पण ड्रॉइंग शेजाऱ्याचं मानलं तरी पार्ट आपलेच आहेत.

तेव्हा ऑफिसात 'करतो आहे' म्हणा, काही बिघडत नाही. पण घरी फोनवर आजीने विचारलं, तर "जेवून राहिलो" म्हणायला लाजू नका.