हरलेल्या मुलास सम्राटाचे पत्र

बापाचे पत्र म्हटले की त्यात चार शब्द मायेचे आणि दोन उपदेशाचे असायचेच. पण बाप सम्राट, मुलगा सेनापती आणि त्याने नुकतीच लढाई गमावलेली. अशा वेळी बाप काय लिहील? ३० एप्रिल १८०९ रोजी नेपोलियनने युजेन द बोहार्ने यास लिहिलेले पत्र या दृष्टीने मोठे पाहण्यासारखे आहे.

युजेन हा जोसेफिनचा पहिल्या पतीपासून झालेला मुलगा. त्याचा जन्मदाता १७९४ साली गिलोटिनखाली गेला. दोन वर्षांनी जोसेफिनने नेपोलियनशी विवाह केला आणि पोरक्या मुलास पुन्हा बाप लाभला. १८०५ साली तेवीस वर्षांच्या युजेनला नेपोलियनने इटलीचा व्हाइसरॉय नेमले आणि पुढील वर्षी रीतसर दत्तक घेतले.

१८०९ च्या एप्रिलात ऑस्ट्रियाने पुन्हा युद्ध पुकारले. नेपोलियन बव्हेरियात गुंतला होता. इटलीतील फौज युजेनच्या हाती होती. मागून येणाऱ्या तुकड्यांची वाट न पाहता त्याने १६ एप्रिलला सासिले येथे आर्चड्यूक योहानवर हल्ला चढविला आणि पराभव पत्करला.

नेपोलियनच्या पत्रात सांत्वनाचा शब्द नाही. लढाईची साद्यंत हकीकत कळविली नाही, याचा त्याला संताप आहे. तो बजावतो की, युद्ध हा मोठा गंभीर डाव आहे. त्यात अब्रू, सैन्य आणि देश तिन्ही पणाला लागतात. पण दोषाचा वाटा तो स्वतःकडेही घेतो: सेनापतिपद तुला दिले ही माझीच चूक, मासेनाला पाठवून तुला त्याच्या हाताखाली घोडदळ द्यायला हवे होते. राजेमहाराजांनीसुद्धा जुन्या मार्शलांच्या हाताखाली पलटणी चालविल्या आहेत, त्यात कमीपणा कसला? शेवटी सल्ला असा की, प्रसंग बिकट झालाच तर नेपल्सचा राजा म्युरा यास बोलाव आणि त्याच्या हुकमतीत राहा. म्युरा म्हणजे नेपोलियनचा मेहुणा. नात्याने युजेनच्या आत्याचे यजमान!

म्युराला बोलाविण्याची वेळ आली नाही. बव्हेरियातील ऑस्ट्रियन फौजा मागे रेटल्या गेल्या, तसा योहानही परत फिरला. युजेनने त्याचा पाठलाग केला, ८ मे रोजी पिआव्हे नदीवर त्याला हरविले आणि १४ जून रोजी हंगेरीत राब येथे पुन्हा धूळ चारली. मारेंगो आणि फ्रीडलांड या बापाच्या दोन विजयांची तीच तारीख.

डिसेंबर १८०९ मध्ये नेपोलियनने जोसेफिनशी काडीमोड घेतला. आईची बाजू धरून युजेन दूर झाला असता, तरी त्याला कोणी नाव ठेवले नसते. तो दूर झाला नाही. १८१३ च्या अखेरीस शत्रुपक्षाने बव्हेरियाच्या राजाकरवी, म्हणजे त्याच्या सासऱ्याकरवी, इटलीचा मुकुट देऊ केला. त्याने तो नाकारला. जानेवारी १८१४ मध्ये ऑस्ट्रियाशी तह करून उलटला तो म्युरा! नेपोलियनने एप्रिलात सिंहासन सोडेपर्यंत युजेन इटलीत लढत राहिला.

म्युराचा अनुभव पारखण्यात नेपोलियन चुकला नव्हता. निष्ठा मात्र पत्राने पारखता येत नाही; तिची पारख पडत्या काळातच होते.