अर्धा दिवस चिनी, अर्धा दिवस इंग्रजी

अमेरिकेतील एखाद्या चिनी-इंग्रजी द्विभाषिक शाळेच्या पहिलीच्या वर्गात सकाळी डोकावले, तर प्रथम थोडे गोंधळायलाच होते. फळ्यावर साध्या बेरजा मांडलेल्या असतात. पण बाई बोलत असतात मँडरिन आणि मुले उत्तरेही त्याच भाषेत देत असतात. बाकांवर केवळ चिनी वंशाचीच मुले नसतात. ज्यांच्या घरी चिनी भाषेचा एक शब्दही कुणाला येत नाही, अशीही अनेक असतात. जेवणाची सुट्टी संपली, की हीच मुले शेजारच्या वर्गात जातात. तेथे बाई वेगळ्या आणि भाषा इंग्रजी. येथे चिनी हा वेळापत्रकातील एक 'विषय' नसून शिकण्याचे माध्यम आहे, आणि या शिक्षणपद्धतीचे सारे बळ या एका फरकात आहे.

ही व्यवस्था सहजासहजी आलेली नाही. १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळेने मेमी टेप या आठ वर्षांच्या मुलीला ती चिनी म्हणून प्रवेश नाकारला. मेमीचा जन्म अमेरिकेतला आणि घरातील वळण पूर्णपणे अमेरिकी. आईवडील न्यायालयात गेले आणि १८८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलेही. परंतु राज्याच्या कायदेमंडळाने तातडीने चिनी मुलांसाठी वेगळ्या शाळा काढण्याची मुभा देणारा कायदा केला आणि मेमीला अखेर त्या वेगळ्या शाळेतच जावे लागले. पुढे जवळजवळ ९० वर्षांनी त्याच शहरातून 'लाऊ विरुद्ध निकोल्स' हा खटला उभा राहिला. इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १,८०० चिनी मुलांना भाषेची कोणतीही जादा मदत न देता वर्गात बसवले जात होते. सर्वांना सारखीच पुस्तके आणि सारखेच शिक्षक दिले, की समान वागणूक दिली असे होत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिला.

या निकालाचा हेतू मुलांना इंग्रजी यावे एवढाच होता. चिनी टिकवण्याचा प्रश्न पालकांपाशीच उरला. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मँडरिन माध्यमाची खासगी शाळा निघाली, १९८४ मध्ये वेस्ट पोर्टल या सरकारी प्राथमिक शाळेत कँटोनीज माध्यमाचे वर्ग सुरू झाले. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधने घातली आणि २०१६ मध्ये मतदारांनीच ती उठवली. दरम्यान युटासारख्या, चिनी वस्ती तुरळक असलेल्या राज्याने २००८ मध्ये सरकारी शाळांतून असे वर्ग काढण्याचा कायदा केला. तेव्हाचे गव्हर्नर जॉन हंट्समन तरुणपणी धर्मप्रचारासाठी तैवानात राहिले होते आणि त्यांना मँडरिन येत होती. एकेकाळी शाळेचे दार ज्या भाषिकांना बंद होते, त्यांची भाषा आता व्यापाराच्या हिशेबाने आपल्या मुलांना यावी, असे इतरांना वाटू लागले होते.

माध्यमाचा आग्रह कशासाठी, हे साध्या गुणाकाराने कळते. शनिवारची चिनी शाळा आठवड्याला तीन तास भरते. वर्षाचे पस्तीस आठवडे धरले, तर १०५ तास झाले. अमेरिकेत शाळेचे दिवस साधारण १८०. रोज तीन तास चिनी माध्यमात गेले, तर ५४० तास होतात. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या प्रौढ, होतकरू अधिकाऱ्यांना चिनी शिकवायला सुमारे २,२०० तासांचे वर्ग लागतात असे धरते. तो पल्ला शनिवारच्या शाळेने गाठायचा, तर वीसेक वर्षे लागतील! तिकडच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांनाही हेच गणित लागू आहे. तेथील स्वयंसेवक शिक्षकांच्या तळमळीत उणे काही नसते. घड्याळापुढे मात्र त्यांचा इलाज नसतो.

माध्यम झाले, की भाषेबरोबर बऱ्याच गोष्टी न सांगता येतात. चिनीत अकराला 'दहा-एक' आणि एकविसाला 'दोन-दहा-एक' म्हणतात. त्यामुळे दशक-एककाची कल्पना लहान मुलांना सोपी जाते. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील 'वीस एक'वरून आपल्याकडे उठलेले वादळ वाचकांना आठवत असेल.) 'माझे कुटुंब' हा निबंध इंग्रजीत लिहिताना 'अंकल' या एका शब्दावर भागते. चिनीत वडिलांचा थोरला भाऊ 'बोबो', धाकटा 'शूशू', आईचा भाऊ 'जिउजिउ'. काका आणि मामा वेगळे मानणाऱ्या आपल्याला यात नवल नाही. पण अमेरिकेत वाढणाऱ्या मुलाला हा निबंध लिहिण्यासाठी आधी घरी विचारावे लागते, की बाबा मोठे की त्यांचा भाऊ मोठा. नात्यांतील वडीलधारेपण हा तेथे शिष्टाचाराचा धडा नसून व्याकरणाचा भाग होतो.

अडचणी अर्थात आहेतच. वर्तमानपत्र वाचायला सुमारे तीन हजार चित्राक्षरे यावी लागतात आणि ती गिरवण्यावाचून येत नाहीत. पहिली काही वर्षे इंग्रजी वाचन थोडे मागे राहते. ते पुढे भरून निघते, पण तोवर पालकांचा धीर सुटतो. मैदानावर मुले सर्रास इंग्रजीच बोलतात. चिनी वंशाच्या घरांत तर वेगळाच पेच पडतो. जुन्या चायनाटाऊनमधील बहुतेक कुटुंबे ग्वांगडाँग प्रांतातली, त्यांची बोली कँटोनीज. नातवंडे शाळेतून शिकून येतात ती मँडरिन. लिपी एक असली, तरी कान अनोळखी. त्यातही हाँगकाँगकडची आजी जुनी, पूर्ण रूपातील अक्षरे वाचते आणि नातू मुख्य चीनमध्ये १९५६ पासून रूढ झालेली सुटसुटीत अक्षरे गिरवतो. मुलाच्या प्रगतिपुस्तकात चिनी उत्तम असते आणि जेवणाच्या टेबलावर आजी-नातवात दुभाषा लागतो.

हा पेच ओळखून सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सरकारी शाळेने १९९५ मध्ये कँटोनीज माध्यमानेच सुरुवात केली आणि मँडरिन वरच्या इयत्तांत जोडली. शाळेला नाव आहे ॲलिस फाँग यू यांचे. मेमी टेपला दार बंद करणाऱ्या त्याच शहराच्या सरकारी शाळांत १९२६ मध्ये नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या चिनी-अमेरिकी शिक्षिका.