कालव्याकांठची मुरमाची वाट

गेल्या माघांत आम्ही तिघे सोबती सायकलींवरून सिद्धेश्वर धरणापासून वसमतपर्यंत गेलों. डांबरी सडक आम्हीं बुद्ध्याच टाळली. कालव्याच्या भरावावर जी मुरमाची वाट आहे तिनें, व जेथें ती सुटली तेथें गांवोगांवच्या पाणंदींनीं, असा हा प्रवास झाला. "या वयांत हा काय नाद?" असें आमच्या घरींच विचारलें गेलें, तेव्हां वाचकांनींही तसें विचारल्यास आम्हांस राग येण्याचें कारण नाहीं. परंतु नाद म्हणून आरंभिलेल्या या प्रवासांत शेतकऱ्याच्या नित्याच्या एका अडचणीचें जें दर्शन आम्हांस घडलें, तें वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावणारी पूर्णा नदी येलदरी येथें अडविलेली आहे. तें मोठें धरण १९६८ सालीं पुरें झालें. तेथें सांठविलेलें पाणी खालीं औंढा नागनाथ तालुक्यांतील सिद्धेश्वर धरणांत येतें व तेथून कालव्यानें वसमतच्या काळ्या शिवारांत जातें. या कालव्याच्या भरावावरील वाट पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठीं केलेली आहे. ती हमरस्ता नव्हे, हें जाणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. पण म्हणूनच तिजवर मालमोटारी नाहींत, कर्णे नाहींत, धुरळा उडवीत अंगावर येणारें कोणी नाहीं. चार कोसांत आम्हांस भेटलें तें इतकेंच: एक बैलगाडी, म्हशींचा एक कळप, चाऱ्याचे भारे घेतलेल्या पांच-सहा बायका, व शाळेस निघालेल्या सायकलीवरच्या दोन मुली. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून खेड्यांतील मुलींस शाळेसाठीं सायकली मिळाल्या, त्यांतल्याच त्यांच्या असाव्यात. आमच्यापेक्षां त्या पुष्कळच वेगानें गेल्या.

रब्बीची पाळी चालू होती. कालवा भरून वाहत होता, काठावर बगळे व मधूनच एखादा खंड्या. खालीं एका बाजूस ओंब्यांवर आलेला गहूं, घाट्यांनीं लगडलेला हरभरा, मग ऊंस, आणि मग हळदीचीं शेतें. पाला कापून झालेला, कांहीं ठिकाणीं काढणी सुरू. पूर्वीं हळद कढईंत शिजवीत. आतां बहुतेक ठिकाणीं वाफेचे कुकर आले आहेत. शिजणाऱ्या हळदीचा तो जड, मातकट वास कालव्याच्या वाऱ्यावर कोसभर आमच्या सोबतीस होता. वसमतच्या या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें वाचकांस ठाऊक असेलच. मोटारींतून जाणाऱ्यास हा वास येत नाहीं, व आला तरी तो मागें पडेपर्यंत दुसरें गांव येतें.

मोटारींपासून दूर, खडीच्या व मुरमाच्या वाटांनीं सायकल चालविण्याची आवड आज युरोप-अमेरिकेंत फार वाढली आहे. त्यासाठीं निराळी सायकलही मिळते. तिचे टायर दीड ते दोन इंच रुंद असतात व त्यांत हवा थोडी कमीच भरतात, म्हणजे चाक खडीवर उसळत नाहीं. आमच्या सायकली मात्र साध्या, गांवच्या दुकानांतल्या होत्या, व त्यांचें कांहीं अडलें नाहीं.

या बाबतींत इटलीतील एक हकीकत शेतकऱ्यानें ऐकण्यासारखी आहे. तोस्काना प्रांतांत सिएना शहराच्या आसपास द्राक्षमळ्यांतून व जैतुनाच्या बागांतून पांढऱ्या खडीच्या जुन्या वाटा जातात. हळूहळू त्यांवर डांबर पडूं लागलें. तेव्हां त्या वाटा राखाव्या म्हणून १९९७ सालीं गायोले या गांवीं जुन्या सायकलींची एक फेरी सुरू करण्यांत आली. तिचें नांव 'लेरोइका'. पुढें २००७ पासून त्याच वाटांवर नामांकित सायकलपटूंची शर्यतही होऊं लागली. त्याच १९९७ सालीं फ्रान्सच्या बुर्गुन्य प्रांतांत, जिव्री व क्लुनी या गांवांच्या दरम्यान, बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागीं मोटारींस मज्जाव असलेली वाट खुली झाली. तीही द्राक्षमळ्यांच्या मुलखांतून जाते. तोस्कानांतील वाट प्रथम मळेवाल्याची आहे. त्याचा ट्रॅक्टर तिजवरून वेलींपर्यंत जातो, द्राक्षें तिजवरून बाहेर पडतात. सायकलवाला तिजवरचा पाहुणा आहे. मळेवाल्यानें वाट राखली नसती, तर पाहुणा आला कोठून असता?

आमच्याकडे द्राक्षें पाहावयाचीं तर नाशिक वा सांगलीकडे गेलें पाहिजे. तेथील बागाइतदारास खराब वाटेची किंमत कोणी सांगावयास नको. बागेपासून सडकेपर्यंतच्या अर्ध्या मैलाच्या धक्क्यांनीं घडांचे मणी गळतात व गाडीवानाच्या चुकीचा दंड बागवाल्यास बसतो. हळदीचा गड्डा टणक, तो धक्क्यानें बिघडत नाहीं. म्हणूनच कीं काय, हळदीच्या मुलखांत वाटेकडे कोणी पाहत नाहीं.

कालवा सोडून आम्ही एका गांवाच्या शिवारांत पाणंदीनें शिरलों. गांवाचें नांव देत नाहीं. दुसऱ्या कोणत्याही गांवाचें घातलें तरी हकीकत तीच राहील. गांवापाशीं पाणंद चांगली पंधरा-सोळा फूट रुंद होती. दोन शेतें ओलांडतांच ती दहा फुटांवर आली. पुढें डाव्या बांधानें एक तास, उजव्या बांधानें एक तास, असें दर सालीं आंत सरकतां सरकतां ती एका बैलाच्या वाटेएवढी उरली, व अखेर बाभळीच्या फांट्यांनीं बंदच झाली. सायकली खांद्यावर घेऊन उंसाच्या सरींतून जावें लागलें. आमचा एक सोबती ओल्या सरींत घोट्यापर्यंत रुतला व त्याची वहाण तेथेंच राहिली. ती काढावयास पाव तास गेला.

पलीकडच्या शेतांत एक वृद्ध शेतकरी हळद वाळत घालीत होते. त्यांनीं आम्हांस पाणी दिलें व वहाण धुवावयासही दिलें. वाटेचा विषय निघतांच ते हंसले. "पाव्हणे, आत्ता तुमचं चाक तरी फिरायलंय. पोळ्याला या, मंग बघा बैल तरी निघतो का." आदल्या वर्षीं त्यांचें सोयाबीन कापून ढीग लागला, पाऊस आला, आणि मळणीयंत्र पाणंदीच्या तोंडाशीं आठ दिवस उभें राहिलें. ढिगाच्या खालचा माल काळा पडला, कांहीं दाण्यांस मोड आले. बाजारांत त्या मालाचा भाव व्यापाऱ्यानें केला तो ते आम्हांस सांगेनात. लाज वाटते म्हणाले. आम्हीं विचारलें कीं वाट कोणीं अडविली. त्यांनीं दोन शेजाऱ्यांकडे बोट केलें, जरा थांबले, आणि म्हणाले, "अन् मी बी दोन तास सरकलोच की."

हें एक वाक्य ऐकावयास मिळालें म्हणून आमचा प्रवास फुकट गेला नाहीं. आमच्या वाचकांपैकीं किती जणांस तें म्हणतां येईल, हें ज्याचें त्यानें आपल्या बांधावर उभें राहून पाहावें. सरकारच्या नांवानें बोटें मोडण्याची आपणांस संवय आहे व पुष्कळदां तिला कारणही असतें. परंतु पाणंद नांगरली ती सरकारनें नव्हे.

वाट मोकळी झाली म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. काळी जमीन पाणी पिऊन फुगते व तिजमध्यें चाकाचा भार सोसण्याचें बळ उरत नाहीं. नुसता मुरूम टाकला तर पहिल्याच पावसांत तो चिखलांत बुडतो. म्हणून आधीं दोहों बाजूंस चर खणून त्याच मातीनें वाट शेतापेक्षां फूट-दीड फूट उंच करावी, ती दाबावी, वर दगडाचा थर द्यावा, मग मुरूम पसरून पाणी मारून रूळ फिरवावा. दहा फुटी वाटेचा मध्य कडेपेक्षां सुमारें दोन इंच उंच असला म्हणजे पाणी उभें राहत नाहीं. शेताचें पाणी आडवें जात असेल तेथें मोरी हवीच. कालव्याची वाट टिकते ती मुख्यतः उंचीमुळें. तिजवरही एके ठिकाणीं कोणी नळ टाकण्यासाठीं चर खणून तसाच सोडला होता, व आमच्या पुढच्या सायकलीचें चाक त्यांत गेलेंच.

कायद्याची बाजू अनेकांस ठाऊक नसते. गांवच्या नकाशांत दुहेरी तुटक रेषेनें गाडीमार्ग व एकेरी तुटक रेषेनें पायमार्ग दाखविलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट व पायमार्गाची सव्वाआठ फूट असा महसूल खात्याचा संकेत आहे. असलेली वाट कोणीं अडविली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खालीं तहसीलदाराकडे दाद मागतां येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणें बांधावरून वाट मागतां येते. २०२१ सालीं राज्य शासनानें पाणंद रस्त्यांसाठीं मातोश्रींच्या नांवानें योजना काढली. २०२५ सालीं शेतरस्ता निदान तीन मीटर रुंद असावा व त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत व्हावी असें ठरलें. तीन मीटर म्हणजे दहा फूट. मळणीयंत्रास तेवढे पुरतात.

सायकलस्वार येतील व गांव श्रीमंत होईल, असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या तिघांकडून त्या दिवशीं शिवारास जें उत्पन्न झालें तें चहा, भाकरी व एक पंक्चर इतकेंच होतें. जाणाऱ्यानें माघ-फाल्गुनांत सकाळीं जावें, पंक्चरचें सामान जवळ ठेवावें, कालवा भरलेला असतां कडेनें चालवूं नये व कोणाच्या वाळत्या हळदीवरून चाक नेऊं नये.

त्या वृद्ध गृहस्थांनीं निघतांना आम्हांस सांगितलें कीं हळद विकून झाल्यावर दोघां शेजाऱ्यांस घेऊन तलाठ्याकडे, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नकाशा पाहावयास जाणार आहेत. एक शेजारी येईन म्हणाला आहे. दुसऱ्यानें अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. पोळ्यास आम्ही पुन्हां त्याच वाटेनें जाणार आहों.