मदतीला कामाची अट: अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह नेमकं काय म्हणतात?



आज सुरुवात एका शब्दापासून करतो. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दाला आपल्याकडची वर्तमानपत्रं 'पुराणमतवादी' म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण तो ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर नव्याला नाही म्हणणारा माणूस येतो. अमेरिकेत मात्र गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचे नियम बदलण्याचा आग्रह गेली चाळीस वर्षं याच मंडळींनी धरला आहे. म्हणून मी आज मूळ शब्दच ठेवतो. आणि विषयही एकच घेतो: सरकारी मदत हवी असेल तर काम केलं पाहिजे, ही अट.

हा विषय आत्ताच घेण्याचं कारण आहे. ४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत एक मोठा कायदा झाला. त्यात मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना, तिच्या काही प्रौढ लाभार्थ्यांना अट घातली गेली. महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवा, नाहीतर लाभ बंद. आजारी माणसं, गरोदर स्त्रिया, लहान मुलांचे पालक यांना सूट आहे. राज्यांनी ही अट जास्तीत जास्त १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे.

यावर आपली पहिली प्रतिक्रिया काय होते? 'गरिबांविषयी कणव नाही, दुसरं काय!' काही राजकारण्यांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण विचार म्हणून त्यामागे तीन धागे आहेत, ते आधी समजून घेऊ.

पहिला धागा: माणसाला सांभाळतं कोण? एडमंड बर्कपासून चालत आलेलं उत्तर असं, की कुटुंब, शेजार, चर्च, गावातली मंडळं. १९५३ साली रॉबर्ट निस्बेट या समाजशास्त्रज्ञाने मांडलं की केंद्रीय सत्ता एकेक जबाबदारी स्वतःकडे घेते, तसतशा या मधल्या संस्था सुकत जातात. मग उरतो एकटा माणूस आणि समोर अवाढव्य सरकार.

दुसरा धागा: मदतीचे नियम माणसाचं वागणं घडवतात. १९३५ पासून अमेरिकेत गरीब मुलांच्या घरांना रोख मदत मिळायची, मुख्यतः वडील घरात नसलेल्या कुटुंबांना. चार्ल्स मरे यांनी १९८४ मध्ये आक्षेप घेतला: लग्न केलं, नोकरी धरली की मदत कमी होते, मग लोक तसं का करतील? माणसं वाईट नाहीत, हिशेब वाईट आहे. मरे यांच्या आकडेमोडीवर अर्थतज्ज्ञांनी जोरदार टीका केली, पण हा प्रश्न राजकारणात रुजला तो रुजलाच.

तिसरा धागा न्यायाचा. रात्रपाळी करून कर भरणारा माणूस विचारतो, मी राबतो, मग धडधाकट शेजाऱ्यानेही राबावं ही अपेक्षा चूक कशी? हा प्रश्न फक्त श्रीमंत विचारत नाहीत. कष्टकरी वस्त्यांतही तो तितक्याच रागाने विचारला जातो, हे लक्षात ठेवा.

या तीन धाग्यांतून १९९६ चा कायदा विणला गेला. रिपब्लिकन काँग्रेसने तो मंजूर केला आणि सही केली डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी. जुनी रोख मदत गेली. नव्या योजनेत कामाची अट आली, केंद्राच्या पैशातून आयुष्यात साधारण पाच वर्षंच मदत मिळेल अशी मर्यादा आली, आणि राज्यांना वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलर ठोक देण्याचं ठरलं.

परिणाम काय झाला? पुढच्या चार-पाच वर्षांत मदत घेणाऱ्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली आणि एकट्या आयांचं नोकरीतलं प्रमाण बरंच वाढलं. समर्थक म्हणाले, बघा! विरोधक म्हणाले, थांबा. तेव्हा अर्थव्यवस्था जोरात होती, शिवाय कमी पगाराच्या नोकरदारांना करातून मिळणारी भर १९९३ मध्ये वाढवली होती, तिचाही वाटा यात आहे. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

मात्र पुढे दोन गोष्टी उघड झाल्या. एक, ते १६.५ अब्ज महागाईबरोबर वाढलेच नाहीत. १९९६ मध्ये शंभर गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांपर्यंत ही मदत पोचत होती, अलीकडे ती वीस-एकवीसांपर्यंत खाली आली. दोन, राज्यांना मोकळीक दिली की पैसा स्थानिक शहाणपणाने खर्च होतो, हे गृहीतक सगळीकडे खरं ठरलं नाही. मिसिसिपी राज्यात गरीब कुटुंबांसाठीच्या पैशातले लाखो डॉलर विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संकुलावर गेले. तो घोटाळा बाहेर काढला त्या राज्याच्या रिपब्लिकन लेखापरीक्षकानेच, हेही सांगितलं पाहिजे.

आता आजच्या व्याख्यानाचा गाभा. आर्कान्सा राज्याने २०१८ मध्ये मेडिकेडला हीच ८० तासांची अट लावून पाहिली. तासांची नोंद सुरुवातीला फक्त ऑनलाइन करायची होती, आणि ते संकेतस्थळ रात्री बंद असायचं! काही महिन्यांत सुमारे १८,००० लोकांचा लाभ गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही अट थांबवली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की अट ज्यांच्यासाठी होती त्यातले ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीच काम करत होते किंवा सुटीला पात्र होते. रोजगार वाढल्याचं काही दिसलं नाही. म्हणजे लोक कामात कमी पडले नाहीत, कागदात पडले.

इथे मला कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराला त्याच्याच कसोटीवर तपासावंसं वाटतं. ज्यांचा सरकारी बाबूगिरीवर मुळात विश्वास नाही, त्यांनीच प्रत्येकाचे तास मोजणारी नवी बाबूगिरी उभी केली. निस्बेट यांची भीती काय होती? एकटा माणूस आणि अवाढव्य सरकार. रात्री बंद पडलेल्या संकेतस्थळासमोर बसलेला मजूर हे त्याचंच चित्र नाही का?

आपल्याकडचं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिथेही फुकट काही नव्हतं, खडी फोडावी लागायची. पण काम मागितलं तर ते देणं सरकारवर बंधनकारक होतं. अमेरिकेतल्या अटीत बांधलेला आहे तो फक्त मागणारा.

शेवटी, कॉन्झर्व्हेटिव्ह छावणीत एकमत आहे असं समजू नका. २०२१ मध्ये सिनेटर मिट रॉम्नी यांनी दर लहान मुलामागे महिन्याला ३५० डॉलर द्यावेत, आईवडिलांच्या नोकरीची अट नको, असा प्रस्ताव मांडला. कुटुंब टिकवायचं तर कुटुंबाच्या हातात पैसा द्या, हा त्यांचा युक्तिवाद. त्यांच्याच पक्षातल्या मार्को रुबिओ आणि माइक ली यांनी विरोध केला: कामाशिवाय पैसा म्हणजे पुन्हा जुनीच मदत. कुटुंब आधी की काम आधी, हा खरा घरातला वाद आहे, आणि तो मिटलेला नाही.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, मग तुम्ही अटीच्या बाजूने की विरोधात?"

प्रश्न रास्त आहे. धडधाकट माणसाकडून कामाची अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटत नाही. पण नियम करणाऱ्याने दोन गोष्टी दाखवाव्यात: काम उपलब्ध आहे, आणि जो काम करतो आहे त्याला ते सिद्ध करताना औषध गमवावं लागणार नाही. २०२७ मध्ये ही अट लागू होईल, तेव्हा लाभ सोडून गेलेल्यांचा आकडा जाहीर होईलच. तुम्ही मात्र पुढचा प्रश्न विचारा: ते नोकरीला लागले, की नुसते यादीतून गेले?