चढावरची बचत

छत्तीसगडच्या मैदानात वसलेल्या रायपूरची भनपुरी ही औद्योगिक वस्ती. येथे सायकलने कामावर निघालेल्यास चढ भेटतो तो बहुधा एखाद्या पुलाचा. पण मागे सामान लादलेले असले की तोही दम काढतो. अशा वेळी सीटवर बसून राहावे, की पॅडलवर उभे राहावे?

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. त्या लांब चढणीवर हाच प्रश्न कसोटीचा असतो. बसून चालविताना शरीराचा भार सीट पेलते. म्हणून मध्यम चढावर श्वास व हृदयगती आटोक्यात राहतात. उभे राहिल्यास वजन पॅडलवर येते, हातांचीही मदत होते व जोर वाढतो. परंतु शरीर तोलून धरण्यातही शक्ती खर्च होते. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे ‘टूर द फ्रान्स’ जिंकणारा स्पेनचा मिगेल इंदुराइन बहुधा बसूनच चढे. १९९८चा विजेता, इटलीचा मार्को पांतानी, वारंवार उभा राही.

गिअर असल्यास हलका गिअर घेऊन बसावे व तीव्र टप्प्यापुरतेच उठावे. ओल्या रस्त्यावर मात्र जपून. उठताच मागचे चाक घसरू शकते. कामगाराच्या साध्या सायकलीला गिअर नसतो. उभे राहणे हाच त्याचा गिअर. तो पायथ्याशीच खर्ची पडला, तर माथ्यापाशी हाती काही उरत नाही. आणि गुडघा कुरकुरू लागला, तर उतरून सायकल हाती धरण्यात कमीपणा कसला? उद्याही त्याच पायांनी कामावर जावयाचे असते.